वीस अंशांचा माणूस

चहा समोर आला की मी लगेच कप उचलत नाही. बायको म्हणते, "अहो, गारढोण होतोय, घ्या ना." घेतो म्हणतो आणि बसून राहतो. मुळात मी असा नव्हतो. आमचं घर पिंपळगाव बसवंतकडचं, द्राक्षबागवाल्यांचं, आणि आमच्या घराण्यात झाडून सगळे डोक्यानं गरम. वडील उकळता चहा फुंकर न मारता प्यायचे, जीभ भाजली की चहा करणारीवर ओरडायचे. मीही त्याच वाणाचा. ही थांबायची सवय मला पगारेनानांनी लावली, आणि लावता लावता माझा जीव पार मेटाकुटीला आणला.

नाना म्हणजे दामोदर पगारे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात गेजरूमचे मुख्य तपासनीस. मी तिथे लागलो तो एकोणऐंशी-ऐंशीचा सुमार. निम्मे प्लॉट रिकामे, बाभळी माजलेल्या, आणि मधूनच एखादी पत्र्याची शेड धडधडत असायची. आम्ही इंजिनाला लागणाऱ्या पोलादी पिना बनवायचो. गेजरूम म्हणजे मोजमापाची खोली. बाकी कारखाना एप्रिलात भाजून निघायचा, पण ह्या खोलीत बाराही महिने वीस अंश. लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आकसतं, म्हणून सगळ्या जगानं ठरवून टाकलंय की माप घ्यायचं ते वीस अंशांवर. भिंतीवर एक तापमापी टांगलेली होती. तिच्याखाली नानांचं स्टूल.

ठेंगणा, सुकट माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, जाड भिंगाचा चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. नाशिकरोडहून सायकल हाणत यायचे आणि हजेरी लावल्यावर पाव तास गेजरूमच्या बाहेरच्या बोळात उभे राहायचे. मला वाटलं, दमा असेल. मग कळलं की साहेब निवतायत. गरम माणसानं आत जायचं नाही, असा त्यांचा नियम, आणि तो पहिल्यांदा स्वतःला.

दुसऱ्यांनाही सोडायचे नाहीत. उन्हाळ्यात शेडमधले कामगार काहीतरी निमित्त काढून आत गारव्याला यायचे. नाना चष्म्यावरून बघायचे. "या. बसा. आता तुम्ही आलात म्हणजे खोलीत शंभर वॅटचा दिवा लागला. तुमचे मित्र आले, दुसरा लागला. दिवाळी आहे का आज?" बिचारे हसत हसत बाहेर.

माझा पहिला दिवस मला अजून टोचतो. टेबलावर मखमलीच्या खाचांत पोलादाच्या चौकोनी वड्या मांडलेल्या होत्या, आरशासारख्या. त्यांच्याशी ताडून बाकी सगळं मोजायचं. मी आपला उत्साहानं एक वडी उचलली, उघड्या हातानं. नाना म्हणाले, "बोरस्ते, पाहुण्याला असं मुंडी धरून घरात आणतात का हो तुमच्यात?"

मी दचकून वडी खाली ठेवायला गेलो तर म्हणाले, "आता राहू द्या. मूठ मिटा. शंभर आकडे मोजा." मी मोजले. मग ती वडी त्यांनी काट्याच्या यंत्राखाली ठेवली. काटा जिथे असायला हवा होता तिथून पुढे सरकून थरथरत उभा होता.

"बघितलंत? तुम्ही नुसती धरलीत, आणि ती वाढली. आपल्याला काय वाटतं, जग तिकडे पडलंय आणि आपण इकडून बघतोय. तसं नसतं ते. बघणारा पण गरम असतो."

"मग नाना, तिचं खरं माप कोणतं?"

"खरं?" ते मनापासून हसले. "ते कुणालाच ठाऊक नाही. आपण इतकंच म्हणायचं, की आज, ह्या खोलीत, वीस अंशांवर, ह्या काट्यानं एवढं दिसलं. त्यापुढे जीभ चालवायची नाही. आता ठेवा ती मधल्या बिडाच्या प्लेटवर. निवू द्या."

"निवू द्या" हे त्यांचं पालुपद. पिन असो, चहा असो, भांडण असो. मी रविवारी गावी गेलो तेव्हा वडिलांना ऐट मारत सांगितलं, की लोखंडाचं खरं माप कुणालाच माहीत नसतं. वडील म्हणाले, "मंग तुला पगार कशाचा देत्यात?"  सोमवारी हे नानांना सांगितलं तर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "तुमचे वडील आमच्या खात्यात पाहिजे होते," म्हणाले.

एक गोष्ट सांगायची लाज वाटते, पण सांगतो. पहिले तीन महिने मी माझा डबा वेगळा बसून खाल्ला. नानांच्या टेबलावर बाबासाहेबांचा छोटा फोटो होता. मी घरून मनात कसला विटाळ घेऊन आलो होतो ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी कधी म्हणायचो पोट बरं नाही, कधी बाहेर काम आहे. नाना एकदाही "या जेवायला" म्हणाले नाहीत आणि एकदाही वाकडा शब्द बोलले नाहीत. डबा उघडताना समोरचं स्टूल मात्र रोज पुसून ठेवायचे. एके दिवशी मी जाऊन त्या स्टुलावर बसलो. त्यांनी डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं, त्यात मिरचीचा ठेचा होता. "तिखट आहे," म्हणाले, "बेतानं." एवढंच. तीन महिने हा माणूस माझी वाट बघत होता, आणि मला वाटत होतं की मीच त्याची परीक्षा घेतोय.

जेवण झालं की दहा मिनिटं ते डोळे मिटून ताठ बसायचे. विहारात एक भंते आले होते, त्यांनी श्वास बघायला शिकवलं होतं. पहिल्यांदा मी विचारलं, "नाना, आत काय दिसतं?"

"गर्दी."

"आणि तुम्ही कुठे असता त्या गर्दीत?"

"तेच तर बघतोय. अजून सापडलो नाही."

मला असल्या गोष्टींत खोड काढायला फार आवडायचं. मी म्हटलं, "तुम्ही लोक म्हणता आत्मा नाही. मग काल डबा कुणी खाल्ला आणि आज भूक कुणाला लागली?"

 नाना उठले आणि मला बिडाच्या मोठ्या प्लेटपाशी नेलं. गेजरूमच्या मधोमध ती होती. पाण्यासारखी सपाट, तिच्यावर ठेवून सगळं तपासायचं. "ही प्लेट मी आलो तेव्हापासून आहे. दरवर्षी कारागीर येतो आणि हिला खरवडून पुन्हा सपाट करतो. भुकटी झाडून टाकतो. वरचं लोखंड केव्हाच गेलं. मग ही तीच आहे का दुसरी?"

"तीच की."

"कशावरून?"

"नंबर तोच आहे."

"नंबर मी घातलाय. पुसून दुसरा घालू?"

 नाना हात पाठीमागे बांधून प्लेटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सपाट राहायचं तिनं सोडलेलं नाही. म्हणून मी तिला तीच म्हणतो. ह्याहून जास्त मला समजलेलं नाही, बोरस्ते." त्या वेळी मला वाटलं, म्हाताऱ्यानं उत्तर टाळलं.

आव्हाड फोरमनची गंमत सांगितल्याशिवाय नाना पुरे व्हायचे नाहीत. आव्हाड म्हणजे ग्राइंडिंग सेक्शनचा वाघ. एकदा त्यांच्या अख्ख्या खेपेच्या पिना आम्ही नापास केल्या, बारीक भरल्या म्हणून. वाघ डरकाळ्या फोडतच आला. "अहो नाना, मी सोत्ताच्या हातानं मोजल्यात! एकूण एक बरोबर व्हत्या! तुमची ही बर्फाची खोली खोटं बोलती!"

मी लगेच बाह्या सरसावल्या. आमचं रक्तच तसं. नानांनी मला हातानं मागे सारलं आणि आव्हाडांना म्हणाले, "तुम्ही मशीनवरून काढल्या काढल्या मोजल्यात ना? तेव्हा त्या बरोबर होत्या. आता बारीक आहेत. तुम्ही खोटं बोलत नाही, खोली पण खोटं बोलत नाही."

"दोघंबी खरे कसे असतील?"

"पिना तापलेल्या होत्या ना. बसा, चहा घ्या." चहा बाहेर बोळात मागवला. आव्हाडांनी कप तोंडाला लावला आणि 'हाऽ' करून खाली ठेवला. नाना म्हणाले, "निवू द्या." दोघं शेजारी शेजारी गप्प बसून राहिले. चहावर साय धरली तेव्हा आव्हाड हळूच म्हणाले, "म्हंजे आम्ही थोडी वाट बघून मोजायला पायजे व्हती." त्या दिवसापासून ग्राइंडिंगमध्ये मोजायच्या पिनांसाठी एक वेगळा ट्रे आला. कामगार त्याला 'पगारेंचा ओटा' म्हणायचे.

स्वतःबद्दल नाना फारसे बोलत नसत. एकदाच बोलले. माझा एक चुलतभाऊ दारूच्या नादी लागला होता, मी वैतागून म्हणालो, "कुत्र्याचं शेपूट हो नाना, माणूस काही बदलत नसतो." त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"माझ्या बापाला गावात सगळे एका शब्दानं हाक मारायचे," ते म्हणाले. "तो शब्द ऐकला की बापाची मान आपोआप खाली जायची. मी ऐन पंचविशीत होतो, तेव्हा धम्मदीक्षा घेऊन आल्यावर बापानं सांगितलं, आजपासून हा शब्द आपला नाही. गाव तेच, घर तेच, हातपाय तेच. पण दुसऱ्या दिवशी हाक आली आणि बापानं मान वर करून बघितलं. मी दारात उभा होतो. मला माझा बाप नव्यानं दिसला." मग म्हणाले, "तेव्हापासून माणूस बदलत नाही असं कुणी म्हणालं की मला हसू येतं." पण हसले मात्र नाहीत.

चौऱ्याऐंशीच्या थंडीत नानांना अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी सायकलला कुलूप काढता काढता अंगणातच कोसळले. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मी गेलो तेव्हा उजवा हात लुळा, तोंड किंचित वाकडं. माझ्याकडे बघितलं, ओळखल्यासारखं वाटलं, ओठ हलले, आणि शब्द आला, "वीस."

बस, तेवढाच उरला होता. पाणी हवं असलं तरी वीस, दुखत असलं तरी वीस. यमुनावहिनींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, मला व्हरांड्यात गाठलं. येवल्याकडच्या त्या, बोलणं अजून गावाकडचं. "भाऊ, हे सारखं वीस-वीस काय करत्यात? मी वीस तारखेची वाट बघून ऱ्हायले. म्हनलं त्या दिवशी काय व्हतंय का काय."

मी त्यांना खोलीच्या तापमानाचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, पदर तोंडाला लावला आणि रडता रडता हसल्या. "म्हंजे घर इसरले, मला इसरले, आन् कंपनी तेवढी ध्यानात हाय व्हय!"

नाना घरी आले, पण वहिनींचं हसू टिकलं नाही. मी दर रविवारी जायचो. ज्या माणसानं कधी आवाज चढवला नव्हता तो ताट भिरकावून द्यायला लागला होता. स्वतःच्या घरात परक्यासारखा बसायचा. एकदा वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "कुणाला सांगू नका भाऊ. मानूस घरात हाय. पन हे तेच हायत का नाय, तेच मला कळंना. रातंदिस करते मी त्यांचं. पन कुनाचं करते?"

मी चपला पायात सरकवल्या आणि निघालो. तोच प्रश्न मलाही पडला होता आणि मी तो दाबून ठेवला होता.

एप्रिलात आजारपणाची रजा संपली. कंपनीच्या डॉक्टरांनी अयोग्य असा शेरा मारला. आता दोनच वाटा होत्या, घरी बसायचं किंवा मोठ्या साहेबांनी खास परवानगी द्यायची. मी त्यांच्याकडे गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा मी आवाज न चढवता कुणाशी तरी भांडलो. म्हटलं, "साहेब, त्यांना बोलता येत नाही, पण आमचं काम बोलायचं नाही, मोजायचं आहे. एकदा मोजू द्या." मोठे साहेब स्वतः जुने टूलरूमचे. ते म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही आधी एक पिन मोजा, आकडा बंद पाकिटात मला द्या. मग तीच पिन पगारे मोजतील. तुम्ही तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

ठरल्या दिवशी दुपारी वहिनी नानांना रिक्षातून घेऊन आल्या आणि स्वतः गेटवर वॉचमनच्या केबिनशेजारी बसून राहिल्या. गेजरूममध्ये आम्ही चौघं. मोठे साहेब, पर्सोनेलचे साहेब, मी आणि नाना. नाना आधी पाव तास बोळात उभे होते. पर्सोनेलच्या साहेबांना वाटलं, त्यांना दार सापडत नाहीये.

आत आल्यावर पर्सोनेलच्या साहेबांनी त्यांचा कागद काढला. "तुमचं नाव काय?"

"वीस."

"आज वार कोणता?"

"वीस."

माझ्याकडे बोट करून, "हे कोण?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. कपाळावर आठ्या पडल्या. शोधत होते, मला दिसत होतं. शेवटी खाली बघून म्हणाले, "वीस." साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.  मला वाटलं, झालं, बुडालं सगळं.

मग मोठे साहेब मला म्हणाले, "द्या पिन." मी हात पुढे केला आणि मूठ उघडली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळी प्रश्नोत्तरं होईपर्यंत ती पिन मी मुठीत आवळून उभा होतो. पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट! नवशिक्यानंही केली नसती अशी चूक. सकाळी ती पिन ठरल्या मापापेक्षा दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दोन हजारावे भाग, जास्त भरली होती, आणि पाकिटात तेच लिहिलं होतं. आता माझ्या हाताच्या उबेनं ती आणखी तीन-साडेतीनांनी फुगली असणार. नानांनी आता मोजली की काटा पाचाच्या पुढे जाणार, पाकिटातला आकडा वेगळा निघणार, आणि माझ्याच हातानं मी त्यांना घरी बसवणार. सांगायचं तर तोंड उघडायची मनाई. मी घामानं भिजलो, तेही वीस अंशांत.

नानांनी डाव्या हातानं पिन घेतली. बोटं एकदम थांबली. त्यांनी मान वर केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा ती नजर मी ओळखली. पाहुण्याला असं मुंडी धरून आणतात का हो, असंच ती म्हणत होती.

फडक्यात धरून त्यांनी पिन बिडाच्या प्लेटवर ठेवली. मग डावा हात हलवून आम्हाला टेबलापासून लांब व्हायला सांगितलं. कोंबड्या हाकलाव्यात तसं. पर्सोनेलचे साहेब जागचे हलेनात, तर नानांनी पुन्हा हात हलवला, जरा रागानं. मोठे साहेब मुकाट्यानं भिंतीला जाऊन टेकले आणि त्यांनी दुसऱ्या साहेबांनाही कोपराला धरून ओढलं. मग नाना स्टुलावर बसले, लुळा हात मांडीवर घेतला आणि डोळे मिटले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पर्सोनेलचे साहेब कुजबुजले, "झोपले की काय? सूचना कळत नाहीत असंच लिहितो."

"थांबा," मोठे साहेब म्हणाले.

"किती वेळ?"

"ते सांगतील."

मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प उभा राहिलो नव्हतो. नानांची छाती संथ वर-खाली होत होती. ह्या माणसाला स्वतःचं नाव माहीत नव्हतं. बायकोचं नाही, माझं नाही. तो कुठे बसला होता, आत कुठल्या गर्दीत, देव जाणे. पण तो थांबला होता. तीन-तीन माणसं डोक्यावर उभी असताना, नोकरी टांगलेली असताना, लोखंड निवायची वाट बघत होता.

अर्ध्या तासानं डोळे उघडले. पिनेला बोटाचं टोक लावलं, मान डोलावली. वडी ठेवून काटा शून्यावर आणला, वडी काढली, पिन ठेवली. सगळं डाव्या हातानं, सावकाश, एकदाही खडखडाट न करता. मग पेन्सिल घेतली आणि पहिलीतल्या पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, अधिक दोन.

मोठ्या साहेबांनी पाकीट उघडलं. वाचलं. मग कागद दुसऱ्या साहेबांच्या हातात दिला. "घेऊन टाका कामावर. पगारेच आहेत हे."

"पण साहेब, त्यांना स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही."

"नाव आपल्याला माहीत आहे ना?" मोठे साहेब म्हणाले आणि निघून गेले.

मी गेटकडे पळतच सुटलो. वहिनी उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, विचारतील नोकरीचं काय झालं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "तेच हायत का हो, भाऊ?"

"तेच," मी म्हणालो. "वहिनी, तेच आहेत. माझ्यावर चिडले सुद्धा." आणि वॉचमनसमोर मी ढसाढसा रडलो. वहिनी मात्र रडल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, आता घरी पाव्हणा यायचाय अशा घाईनं.

पुढे घरचंही हळूहळू रुळावर आलं. वहिनींना मी पिनेची गोष्ट साग्रसंगीत सांगितली होती. त्यांनी त्यातून स्वतःचा धडा काढला. पूर्वी त्या एका दमात विचारायच्या, पाणी पायजे का, चहा टाकू का, उन्हात बसता का. नाना गोंधळायचे आणि ताट जायचं. आता एकच विचारायच्या आणि भाजी निवडत बसायच्या, उत्तर येईपर्यंत. कधी पाच मिनिटांनी यायचं, कधी भाजी निवडून संपल्यावर. पण यायचं. वर्षभरात दहा-बारा शब्द परत आले. "यमुना" हा तिसरा. पहिला "चहा", दुसरा "निवू". वहिनी फणकाऱ्यानं सांगायच्या, "माझा नंबर चहाच्या बी मागं!" पण हे प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

गेजरूममध्ये नाना मोजायचे, मी लिहायचो. नवे तपासनीस आले की नाना त्यांच्या मुठीत वडी द्यायचे आणि काट्याकडे बोट दाखवायचे. मी शेजारी उभा राहून त्यांचं व्याख्यान म्हणायचो, "बघणारा पण गरम असतो." चुकलं की नाना माझ्या पाठीत बुक्की घालायचे, डाव्या हातानं.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात मला पुण्याला नोकरी लागली. नाना आणि वहिनी मला निरोप द्यायला सकाळी सीबीएसला, एसटी स्टँडवर, आले. कडाक्याची थंडी, स्टँडवर धुकं. मी हातमोज्यांशिवाय बॅगा ओढत आलो होतो, बोटं बधिर झाली होती. नेहमीप्रमाणे माझी घाई चालली होती, जागा धर, बॅग वर टाक, तिकीट काढ. खिडकीतून म्हटलं, "येतो नाना, सांभाळून राहा." कंडक्टरनं घंटी वाजवायला दोरी धरली होती.

नानांनी खिडकीच्या गजातून डावा हात आत घातला आणि माझा हात धरला. त्यांचा उबदार, माझा बर्फ. त्यांचे ओठ हलले. मला कळलं, माझं नाव शोधतायत. कपाळावर त्याच आठ्या. मी म्हणणार होतो, राहू द्या नाना. पण म्हटलं नाही. थांबलो. वहिनीही थांबल्या होत्या. कंडक्टरनं आमच्याकडे बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, दोरी सोडली.

नाव आलं नाही. पण त्यांनी हातही सोडला नाही. हळूहळू माझी बोटं मला जाणवायला लागली, आणि मग कुठला हात गार आणि कुठला गरम ते कळेनासं झालं. तेव्हा नानांनी मान डोलावली, पिन मोजायच्या जोगी झाली की डोलवायचे तशीच, आणि माझा हात सोडला.

माझं नाव त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. त्यानं आमचं काही अडलं नाही.